दोन पॉइंट एक सात

कपाट मी रिकामं करायचं ठरलं,
कारण इथली सगळ्यात जुनी आता मीच.
माटुंगा, तिसरा मजला, फ्यूम-हूडखालचं लोखंडी कपाट.
मागच्या कोपऱ्यात तपकिरी बाटली, बूच घट्ट बसलेलं,
लेबल आम्लानं खाल्लेलं.
उरला होता फक्त एक काना,
निळ्या शाईतला, कुठल्याही शब्दाचा.

तळोज्याचा टेम्पो अनोळखी बाटल्या घेत नाही.
आधी नाव लावा, मग फेका.

दुसऱ्या कुणी बूच काढताच सांगितलं असतं.
माझं नाक त्या तापात गेलं, दोन वर्षं झाली.
चहा म्हणजे नुसता गरमपणा.
आणि शनिवार दुपार. मजल्यावर मी आणि यंत्रं.

मिठाच्या दोन चकत्यांमध्ये एक थेंब.
चकत्या धुरकट; या शहरात मीठ कोरडं राहिलंय कधी?
चौतीसशेला जो फुगवटा येतो
तो पदार्थाचा नाही, माहीमच्या खाडीचा.
तो सोडून वाचायची सवय झाली आहे.

कार्बोनिल. एस्टरचा असेल तर सतराशे चाळीसच्या आसपास हवा.
हा सोळाशे पंच्याहत्तरला, खाली उतरलेला.
म्हणजे यानं कुणाचा तरी हात धरलाय,
शेजारच्याच हायड्रॉक्सिलचा,
रेणूच्या आतल्या आत, बाहेर कळू न देता.
हात धरला की बंध सैल पडतो, थरथर मंदावते.
यात कविता शोधू नये,
स्प्रिंगचं साधं गणित आहे.

वस्तुमान एकशे बावन्न.
पहिल्या धक्क्यात बत्तीस गळाले: मेथॅनॉल.
मग चुंबकात.
तीन पॉइंट नऊला तीन हायड्रोजन, एकाच रेघेत.
सातच्या आगेमागे चार, बेंझिनच्या कट्ट्यावर,
शेजाऱ्यांनी फोडलेले.
आणि दहाच्याही पलीकडे एक,
तोच तो, हात धरून बसलेला.

मिथाइल सॅलिसिलेट.
मुरगळलेल्या पायाला चोळायचं तेल.
नाव लिहिलं. वास आला नाही.

उठणार होते.
पण दोन पॉइंट एक सातला एक बारीक रेघ होती,
या रेणूत जिला जागाच नाही.
असिटोन.
नळी तर नवी, आत्ताच पाकिटातून काढलेली.

निवाते काचसामान असिटोननं विसळायचे
आणि सुकेपर्यंत थांबायचे नाहीत.
'उडून जातंय ओ मॅडम.'
एकोणतीस वर्षं आमच्या प्रत्येक आलेखात ही रेघ.
किती प्रबंधांत आम्ही तिच्यावर फुली मारली,
खाली लिहिलं: अशुद्धी.

नववी नापास. लिफ्ट बंद असली की
द्रव नायट्रोजनचा कॅन तीन जिने खांद्यावर.
गुडघ्यांबद्दल कधी बोलले नाहीत.
मुलं दर वर्षी प्रॅक्टिकलला हेच एस्टर करायची,
अर्धं जाळायची, अर्धं सांडायची,
आणि निवाते फ्लास्क धुता धुता बघत असणार:
किती थेंब सल्फ्युरिक, किती वेळ उकळी,
कधी थांबायचं.

आलेख पुन्हा पसरला.
न उरलेलं आम्ल, न उरलेलं मेथॅनॉल.
इतकं स्वच्छ माझ्या हातून
एमेस्सीला झालं नव्हतं.

निवृत्तीनंतर चार महिन्यांत गेले, प्रतीक्षानगरला.
ग्रुपवर कुणीतरी टाकलं,
आम्ही सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले.
मीही, मीटिंगमधूनच.

लेबल लावत जा, म्हणून मी एकदा ओरडले होते त्यांना.
लावलं होतं की.

टेम्पोवाल्याचा फॉर्म काढला.
पदार्थ: माहीत. प्रमाण: दोनशे मिली, थोडं वापरलेलं.
अशुद्धीचा रकाना कोरा सोडला.
उत्पादक, या रकान्यात
आधी तो काना काढला,
मग त्याच्या दोन्ही बाजूंना
बाकीची अक्षरं.